रंध्याभोवती उभी राहणारी घरगुती सुतारशाळा

घरातच लाकूडकामाची छोटी जागा उभी करू पाहणाऱ्यांचे बेताचे पैसे बहुधा खरेदीच्या क्रमामुळे वाया जातात. गोल पात्याची विजेची करवत, ड्रिल आणि घासण्याचे यंत्र आधी घरात येते, आणि लाकूड, धार लावण्याची साधने व काम करताना लाकूड घट्ट धरून ठेवण्याची सोय यांच्यासाठी हाती काहीच उरत नाही. हा क्रम उलटा केला, म्हणजे लाकूड धरण्याची सोय प्रथम, धार लावण्याची सोय दुसरी आणि कापणारी हत्यारे त्यानंतर असे ठरवले, तर गॅलरीच्या कोपऱ्यात किंवा बैठ्या घराच्या पडवीतही उत्तम सुतारशाळा उभी राहते. अशा सुतारशाळेचे केंद्र म्हणून येथे रंधा घेतला आहे, कारण घरगुती कारागिराचे यश आणि त्याची निराशा या एकाच हत्याराच्या तोंडाशी सर्वाधिक वेळा ठरते.

महाराष्ट्रात सुतारकाम दीर्घकाळ बलुतेदारीच्या चौकटीत चालले. नांगर, कुळव आणि बैलगाडी यांची घडण व दुरुस्ती करून गावचा सुतार सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घेई, आणि त्याची हत्यारे व कसब घरातल्या घरात पुढच्या पिढीकडे जाई. वर्ध्यात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम म्हणून ओळखली जाणारी शिक्षणयोजना पुढे आली, आणि तिच्यात हस्तव्यवसायाला शिक्षणाचे माध्यम मानल्यामुळे सुतारकामाला शाळेत मानाची जागा मिळाली. पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या व्यवसायाचा अभ्यासक्रम रुजवला. आज स्वतःच्या आनंदासाठी पटाशी हाती घेणाऱ्या हौशी माणसाला मात्र जातीचा वारसाही नसतो आणि संस्थेची कर्मशाळाही नसते, त्यामुळे ज्या गोष्टी सुताराच्या मुलाला नुसत्या पाहून कळत, त्या त्याला एकेक करून शोधाव्या लागतात.

त्यांतील पहिली गोष्ट म्हणजे बसण्याची पद्धत. भारतीय सुतार परंपरेने जमिनीवर बसून काम करतो आणि एका पायाने किंवा दोन्ही पावलांनी लाकूड दाबून धरतो. ज्या कामासाठी युरोपीय कारागिराला जड मेज आणि त्याला जोडलेला शिकंजा लागतो, ते काम येथे पावलेच करतात. जपानी सुतारांतही बसून काम करण्याची आणि हत्यार आपल्याकडे ओढण्याची रीत आहे. जागा आणि पैसा दोन्ही कमी असलेल्या घरात या रीतीचे मोल मोठे आहे, कारण दोन इंच जाडीची एक फळी आणि तिच्या टोकाला ठोकलेली आडवी पट्टी, म्हणजे रंधा मारताना लाकूड पुढे सरकू नये म्हणून केलेला अडसर, एवढ्यावर सुतारशाळा सुरू होऊ शकते. ज्यांच्या गुडघ्यांना हे मानवत नाही त्यांनी मेज करावे, पण विकत घेऊ नये. जुने वाडे पाडताना निघणारी सागवानी दारे मेजाच्या पृष्ठभागासाठी फार चांगली असतात, आणि मेज हलके असल्यामुळे रंध्याच्या रेट्याने सरकत असेल तर त्याचा एक पाय भिंतीशी जखडला की प्रश्न मिटतो. लाकडे चिकटवताना दाबून धरणारे क्लॅम्प महाग पडतात, तेव्हा दोरीचा फास आणि त्यात घालून पिळलेली काठी, किंवा दोन अडसर आणि त्यांच्या मधे ठोकलेली पाचर, हे जुने उपाय आजही तितकेच भरवशाचे आहेत. १९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आले त्याआधीचे सुतार सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेला डिंक, विस्तवावर पातळ करून वापरत आणि तो निवण्याच्या आत सांधा याच साधनांनी आवळत.

लाकूड वखारीत घनफुटावर विकले जाते. फुटांतली लांबी, इंचांतली रुंदी आणि इंचांतली जाडी यांचा गुणाकार करून त्याला १४४ ने भागले की घनफूट निघतात; सहा फूट लांब, सहा इंच रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे पाव घनफूट. नवख्याच्या हिशेबातून सुटते ते एवढेच की करवतीतून निघालेली एक इंची फळी दोन्ही अंगांनी रंधून सपाट केल्यावर सहा-सात सूतच उरते (इंचाच्या आठव्या भागाला सुतार सूत म्हणतात), आणि पैसे मात्र पूर्ण इंचाचे मोजलेले असतात. सागवानाचा भाव पाहता शिकाऊ हातांनी ते खराब करणे परवडणारे नसते. औद्योगिक वसाहतींच्या आसपास मिळणारी मालवाहू खोकी आणि पॅलेट यांचे पाइन लाकूड हा त्यावरचा स्वस्त मार्ग आहे, पण परदेशातून आलेल्या अशा लाकडावरचा शिक्का वाचूनच ते घरात आणावे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार कीड मारण्यासाठी लाकडाचा गाभा किमान ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेला असेल तर शिक्क्यात ‘एचटी’ ही अक्षरे असतात, तर ‘एमबी’ ही अक्षरे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिल्याचे सांगतात, आणि तसले लाकूड घराबाहेरच राहिलेले बरे. उरतात ते खिळे. पॅलेटमध्ये मोडून अडकलेला एक खिळा रंध्याच्या पात्याची तासाभराची धार क्षणात घालवतो.

लाकडी रंध्याची रचना वरवर पाहता अगदी साधी असते: एक ठोकळा, त्यात तिरपी खाच, खाचेत पोलादी पाते आणि पात्याला आवळणारी पाचर. पात्याच्या डोक्यावर हातोडीची हलकी टिचकी मारली की ते खाली उतरते, ठोकळ्याच्या मागच्या टोकावर मारली की वर सरकते, आणि मधला सगळा अंदाज कानाचा व बोटाचा असतो. हा अंदाज स्क्रूच्या स्वाधीन करण्याचे श्रेय बोस्टनच्या लिओनार्ड बेलीकडे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्याने घेतलेल्या पेटंटांचे हक्क १८६९ मध्ये कनेटिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथील स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीकडे गेले, आणि आज भारतात बनणारे लोखंडी रंधेही मुळात त्याच आराखड्याचे आहेत. ओतीव लोखंडाच्या धडावर ४५ अंशांच्या उताराची एक बैठक असते, तिला फ्रॉग म्हणतात. तिच्यावर पाते टेकते, मागची पितळी चाकी फिरवली की पाते खालीवर होते, आणि वरचा दांडा डावी-उजवीकडे हलवला की धार तळाशी समांतर येते. एकच रंधा घ्यायचा असेल तर पाच नंबरचा, म्हणजे सुमारे १४ इंच लांबीचा व दोन इंच रुंद पात्याचा घ्यावा, कारण तो खडबडीत फळी उतरवण्याइतका चपळ आणि फळीची कड सरळ करण्याइतका लांब असतो.

पात्याच्या पाठीवर स्क्रूने बसवलेली दुसरी पोलादी पट्टी, जिला कॅप आयर्न म्हणतात, तिच्यात या यंत्राचे खरे मर्म आहे, आणि तिची हकिकत फार विलक्षण आहे. लाकडाचे रेषे सरळ वर चढत असतील तर धार त्यांना स्वच्छ कापते, पण रेषे धारेसमोर खाली उतरत असतील तर पाचर घातल्याप्रमाणे छिलका धारेच्या पुढे फाटत जातो आणि पृष्ठभागावर खड्डे उरतात. कॅप आयर्नचे टोक धारेपासून साध्या छापील कागदाच्या जाडीएवढ्या अंतरावर आणून ठेवले, तर नुकताच कापलेला छिलका त्या टोकावर आपटून लगेच मोडतो, त्याच्यातली तरफेची ताकद संपते आणि फाट पुढे धावत नाही. जपानमधील यामागाता विद्यापीठाच्या कावाई आणि कातो या संशोधकांनी ही क्रिया सूक्ष्म चित्रीकरणातून उघड दाखवली. आंब्यासारख्या उलटसुलट रेष्यांच्या, वखारीत स्वस्त मिळणाऱ्या लाकडावर या अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतराची किंमत कळते. जी फळी नवशिक्याने खराब लाकूड म्हणून बाजूला सारलेली असते, ती या एका जुळणीनंतर आरशासारखी निघते.

स्वस्त नवा रंधा मात्र डब्यातून काढल्यावर क्वचितच चालतो. पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मिळणाऱ्या गंजक्या रंध्यांची प्रकृतीही तशीच असते, फक्त त्यांचे लोखंड वर्षानुवर्षे बसून स्थिरावलेले असते. तळ सपाट करण्यासाठी काचेच्या दुकानातून १० मिलिमीटर जाडीचा उरलेला तुकडा आणून त्यावर जाड दाण्याचा पॉलिश पेपर चिकटवतात, तळावर शाईच्या आडव्या रेघा मारतात आणि पाते आत ओढून, पण पात्याला पाचरीसारखे दाबून धरणारे वरचे झाकण नेहमीइतकेच आवळून, रंधा त्यावर घासतात. झाकण सैल ठेवले तर धडावरचा ताण निघून जातो आणि घासून सपाट झालेला तळ काम करताना पुन्हा वाकतो. पुढचे टोक, तोंडाच्या अगदी समोरची पट्टी आणि मागचे टोक या तीन ठिकाणची शाई एकदम पुसली गेली की पुरे. पितळी चाकीतही एक खोड असते, की दिशा बदलल्यावर ती अर्धा-पाऊण फेरा मोकळीच फिरते. म्हणून पाते नेहमी मागे घेऊन मग पुढे आणत जुळवावे, नाहीतर ते पहिल्याच रेट्यात मागे सरकते.

धारेची कृती सांगायला थोडकी आहे. पात्याचा उतार २५ अंशांचा आणि टोकाची बारीक पट्टी ३० अंशांची, पाठ निदान धारेजवळ आरशाइतकी सपाट, आणि निसण्यावर घासताना पाठीकडे वळलेली पोलादाची सूक्ष्म कड, जिला कारखान्यांत बर म्हणतात, ती बोटाला पूर्ण रुंदीभर जाणवल्याशिवाय पुढच्या बारीक दगडाकडे जायचे नाही. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाते ओढून बर काढून टाकतात. मऊ पाइनच्या आडव्या टोकावरून, म्हणजे जिथे रेषे कापलेल्या नळ्यांसारखे समोर येतात तिथून, भुगा न पडता चकचकीत काप निघाला की धार लागली असे समजावे. सागवानात नैसर्गिक सिलिका असल्यामुळे ही धार त्यावर फार वेळ टिकत नाही. करवतीच्या बाबतीत तर खरेदीच्या वेळीच पाहावे, कारण ज्या करवतीच्या दातांची टोके निळसर-काळी दिसतात ती कडक केलेली असतात, त्यांच्यावर तिधारी कानस चालत नाही, आणि बोथट झाल्यावर अख्खी करवत टाकावी लागते.

एवढे जमले तरी घराचे घरपण अडचणी उभ्या करतेच. पटाशीवर पडणारा मोगरीचा घाव खालच्या मजल्यावर छतातून आदळतो, म्हणून कुसाच्या सांध्यासाठी (एका लाकडाचे टोक जिभेसारखे कोरून दुसऱ्यातल्या चौकोनी भोकात बसवतात तो सांधा) भोके पाडताना मेजाच्या पायांखाली जाड रबर घालावे लागते, आणि दुपारची वेळ शेजाऱ्यांची मानावी लागते. धूळ ही याहून गंभीर बाब आहे. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात निश्चित कर्करोगकारक ठरलेल्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, आणि सागवानाच्या धुळीने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते. झोपण्याच्या खोलीला लागून असलेल्या गॅलरीत विजेचे घासयंत्र चालवणे म्हणूनच चिंतेचे आहे, आणि रंधा धुळीऐवजी छिलके काढतो हा त्याचा गुण घरात दुप्पट मोलाचा ठरतो. लाकडावर चपड्याचे पॉलिश करा किंवा जवसाचे तेल चढवा, पण तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, कारण जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि अशी चिंधी आपोआप पेट घेते. ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवावी.

आणि मग पावसाळा. मुंबई-कोकणाच्या हवेत पुसायचा राहिलेला रंध्याचा तळ एका रात्रीत तांबूस पडतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर प्रत्येक हत्याराला यंत्रतेलाचा हात लागतो आणि पेटीत कापराच्या वड्या ठेवल्या जातात. लाकडाचे काय होते ते यापेक्षा अवघड आहे. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते, आणि वर्तुळांच्या कडेने कापलेल्या फळीत हा बदल गाभ्याकडून सालीकडे कापलेल्या फळीच्या साधारण दुप्पट असतो. सागवान हे या बाबतीत संयमी लाकूड, तरी फूटभर रुंद फळी उन्हाळा आणि पावसाळा यांच्या दरम्यान सुमारे एक सूत बदलू शकते. म्हणून टेबलाचा माथा चौकटीला सर्व बाजूंनी चिकटवला की तो तडकतो, आणि मे महिन्यात हौसेने नेमका बसवलेला ड्रॉवर जुलैत रुतून बसतो. अशा वेळी रंधा उचलून त्याची कड उतरवण्याचा मोह फार मोठा असतो, पण जुलैत मोकळा केलेला ड्रॉवर जानेवारीत खुळखुळतो. जाणता कारागीर ड्रॉवर जेथे घासतो तेथे पेन्सिलीने बारीक खूण करतो, सरकण्याच्या जागी मेण चोळतो, आणि ती खूण दिवाळीपर्यंत तशीच राहू देतो.