टोमॅटो फळ की भाजी? साहेब, ऑर्डर काढा!

मंडईत टोमॅटो घेताना 'ही भाजी की फळ?' असं आपण कधी विचारत नाही. अमेरिकेतल्या एका आयातदाराने विचारलं, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं. कारण अर्थातच पैसा! तिथल्या १८८३ च्या कायद्यानुसार परदेशी भाजीवर १० टक्के जकात होती, फळांना मात्र माफी. १८८६ मध्ये वेस्ट इंडीजचे टोमॅटो न्यूयॉर्क बंदरात उतरले. कस्टम्सच्या साहेबांनी ते भाजीत धरले, आणि जॉन निक्सच्या कंपनीने पैसे परत मिळावेत म्हणून दावा ठोकला.

सुनावणी बघण्यासारखी झाली असणार. कंपनीच्या वकिलाने शब्दकोश उघडून 'फळ', 'भाजी' आणि 'टोमॅटो'चे अर्थ वाचले. मग सरकारी वकिलाने त्याच थाटात वाटाणा, वांगं, काकडी, भोपळा आणि मिरची वाचून दाखवली. म्हणजे, बिया तर यांच्यातही आहेत, मग यांनाही फळ म्हणणार का? कंपनीच्या वकिलाने लगेच बटाटा, सलगम, फ्लॉवर, कोबी, गाजर बाहेर काढले. कोर्टात अक्षरशः भाजी बाजार!

१८९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला. वनस्पतिशास्त्रात टोमॅटो फळ असेल, पण लोक तो जेवणात सूप-मटणाबरोबर खातात, जेवणानंतर गोड म्हणून नाही. म्हणून जकातीपुरती ती भाजी. आपल्याकडची कुठलीही आजी हा निकाल दोन मिनिटांत देऊन मोकळी झाली असती.

कस्टम्सचा दुसरा किस्सा त्याहून भारी. तेव्हा बाहुलीवर १२ टक्के कर होता, इतर खेळण्यांवर ६.८. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती. मग मार्व्हलच्या 'एक्स-मेन' कॉमिक्समधल्या वुल्वरीनसारख्या पात्रांचं काय? टॉय बिझ कंपनीने सांगितलं, हे माणूसच नाहीत. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाच्या न्यायाधीश ज्युडिथ बार्झिले यांनी ते मान्य केलं. चाहते भडकले, कारण 'आम्हीही माणसंच आहोत' हेच तर एक्स-मेनच्या कथांचं सगळं रडगाणं. आणि टॉय बिझ होती त्याच मार्व्हलच्या घरातली! करापुढे कसले आदर्श?

जकात हा केंद्राचा, म्हणजे फेडरल, मामला. पण दुकानाचा भाडेकरार राज्याच्या कोर्टात जातो, आणि तिथे राज्यागणिक ताट बदलतं. मॅसॅच्युसेट्समधल्या पनेरा या सँडविचच्या दुकानाच्या करारात अट होती, की याच संकुलात दुसऱ्या सँडविचवाल्याला जागा द्यायची नाही. शेजारी बरिटोचं दुकान येणार म्हटल्यावर वाद पेटला. २००६ मध्ये न्यायाधीशांनी ठरवलं, सँडविचला ब्रेडचे दोन तुकडे लागतात. बरिटो म्हणजे एकाच पोळीची गुंडाळी, तो सँडविच नव्हे. २०२४ मध्ये इंडियानातल्या फोर्ट वेन शहरात मात्र न्यायाधीशांनी बरिटो आणि टाको ही 'मेक्सिकन पद्धतीची सँडविचं' ठरवली. आपल्याकडे वादाचा शेवटचा दरवाजा दिल्लीत. तिकडे ५० राज्यांचे ५० कायदे, आणि राज्याच्या कायद्याचा अर्थ राज्याचंच सर्वोच्च न्यायालय शेवटी सांगतं. त्यामुळे दोन्ही निकाल आपापल्या घरी सुखाने नांदतायत. फ्रँकीवाल्यांनी नोंद घ्यावी.

कॅलिफोर्नियाने तर कमाल केली. २०२२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने भुंग्यासारख्या गुबगुबीत मधमाश्यांच्या ४ जातींना मासा मानलं! संकटग्रस्त प्राण्यांच्या संरक्षण कायद्यात कीटकांचं नाव नव्हतं, पण 'मासा' या शब्दाच्या व्याख्येत 'अपृष्ठवंशीय' हा शब्द होता. मधमाशीला कणा नाही, म्हणून ती मासा. याविरुद्ध कोर्टात गेलेले बदामाचे बागायतदार हरले, माश्या वाचल्या.

मेन राज्यात एका न दिलेल्या स्वल्पविरामाने डेअरीला ५० लाख डॉलरला पाडलं. राज्याच्या कायद्यातल्या, ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांच्या यादीत शेवटी 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग' असाही अर्थ निघत होता आणि 'पाठवणीसाठी पॅकिंग, किंवा वितरण' असाही. मध्ये स्वल्पविराम नव्हता. दावा लावणारे डेअरीचे ड्रायव्हर पॅकिंग करत नव्हते, नुसतं वितरण करत होते, म्हणून २०१७ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. पुढे तडजोड झाली. मुद्रितशोधकांनी पगारवाढ मागताना हा दाखला जरूर द्यावा.

आता ज्या निकालावर माझा अजूनही राग आहे, तो ओहायोचा. एका गिऱ्हाइकाने हॉटेलात 'बोनलेस विंग्ज' मागवले. त्यातलं हाड घशाखाली गेलं, अन्ननलिका फाटली, जंतुसंसर्ग झाला. त्याने दावा लावला. २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, की प्रकरण ज्यूरीपुढे जाणारच नाही. कोंबडीत हाड असतं हे गिऱ्हाइकाला ठाऊक असायला हवं. 'बोनलेस' ही करण्याची पद्धत आहे, हमी नव्हे. 'चिकन फिंगर्स'मध्ये कोणी बोटं शोधतं का?

युक्तिवाद चटकदार आहे, मान्य. बोंबलाला इंग्रजीत 'बॉम्बे डक' म्हणतात म्हणून ताटात बदक कोणी शोधत नाही. पण कोळीणमावशी 'काटा काढून दिलाय गं' म्हणाली आणि काटा घशात अडकला, तर मावशीची काय धडगत राहील? विरोधात गेलेल्या तिघा न्यायमूर्तींचं म्हणणंही हेच: 'बोनलेस' वाचणारा माणूस हाड नाही असंच समजणार. निदान ज्यूरीला विचारायला काय हरकत होती?

जाता जाता पुन्हा टोमॅटोकडे. सुप्रीम कोर्टाने भाजी ठरवल्यावर विषय मिटला असेल असं वाटत असेल, तर आर्कान्सा राज्याचं ऐका. तिथे १९८७ पासून गुलाबी टोमॅटो हेच राज्याचं अधिकृत फळ आहे. आणि अधिकृत भाजीही तीच.