प्रवेश मिळाला, पण मधल्या सुट्टीचे काय?

दिव्यांग मुलांनी इतर मुलांसोबत एकाच वर्गात शिकावे, हा विचार आता नवा राहिलेला नाही. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे भरलेल्या जागतिक परिषदेने समावेशक शिक्षणाचा पुरस्कार केला. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने कोणत्याही मुलाला दिव्यांगत्वामुळे प्रवेश नाकारण्यास मनाई केली. शाळांची दारे उघडली, काही ठिकाणी पायऱ्यांशेजारी उतरणी बांधल्या गेल्या. दारातून आत गेलेल्या मुलाच्या वाट्याला पुढे काय येते, याची विचारपूस मात्र क्वचितच होते.

छळ म्हटला की मारहाण डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात तो फार साध्या रूपांत वावरतो. श्रवणयंत्र कानातून ओढणे, पांढरी काठी लपवणे, बोलताना अडखळणाऱ्याची हुबेहूब नक्कल करणे, डबा खाताना बाकावर जागा न देणे. हे घडते ते शिक्षक नसलेल्या जागी: मधल्या सुट्टीत, स्वच्छतागृहापाशी, शाळेच्या बसमध्ये. सर्वांत फसवा प्रकार मैत्रीच्या वेषातला. बौद्धिक दिव्यांग मुलाला चार जण आपल्यात घेतात, त्याच्याकडून वेडेवाकडे काहीतरी करवून घेतात आणि हसतात. तोही त्यांच्यासोबत हसतो, कारण कोणीतरी आपल्याला बोलावले याचाच त्याला आनंद असतो. दुरून पाहणाऱ्या शिक्षकांना वाटते, मूल किती छान रुळले!

स्वमग्न मुलाची गत याहून बिकट. त्याला कर्कश आवाज सोसत नाही, हे ठाऊक असलेली मुले मुद्दाम कानापाशी बाक आपटतात. अखेर तो किंचाळतो, हात उगारतो. शिक्षक वळून पाहतात तेव्हा त्यांना फक्त उगारलेला हात दिसतो आणि शिक्षा त्यालाच होते. आपली बाजू मांडायला त्याच्यापाशी शब्द नसतात. भिंतीवरच्या तक्रारपेटीचा त्याला काय उपयोग?

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी केली. २०१६ च्या अधिनियमात दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्यास ६ महिने ते ५ वर्षे कारावासाची तरतूद आहे. पण दहा वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलाला चिडवले, तर ही कलमे काय कामाची? ती तेथे लावली जाऊ नयेत, असेच आम्हास वाटते. हा प्रश्न वर्गशिक्षकांचा आहे, आणि घरादारांचाही. ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ ही म्हण आपण सहज वापरतो. मुले टोपणनावे ठेवायला शिकतात ती आपल्याच ओट्यावर.

उपाय खर्चिक नाहीत. मधल्या सुट्टीत एक शिक्षक मैदानात असावेत. मुलाच्या सोबतीचे काम एकाच गुणी विद्यार्थ्यावर न लादता आळीपाळीने सर्वांना द्यावे, म्हणजे ती सोबत उपकार ठरत नाही. जे नुसते पाहत उभे असतात, त्यांच्याशी आधी बोलावे. प्रेक्षक पांगले की खेळ बहुधा थांबतो. आणि पालक तक्रार घेऊन आले, तर ‘मुले मस्करी करणारच’ हे वाक्य टाळावे.

ते वाक्य दोन-तीनदा ऐकल्यावर पालक मुलाला शाळेतून काढतात. दाखल्यावर शाळा सोडण्याचे कारण लिहिले जाते: पालकांच्या विनंतीवरून.