बेस वाढला, बेसवाला गेला

कुठल्याही वाद्यवृंदाचा फोटो हाती घ्या आणि नीट न्याहाळा. पुढे गायिका, तिच्या शेजारी चमकत्या कोटातला गायक, मग की-बोर्डवाला, मग गिटारवाला. आणि सगळ्यात मागे, अर्धा खांबाआड आणि अर्धा ड्रमच्या झांजेआड जो इसम उभा असतो, तो बेसवाला. त्याच्या हाती बेस गिटार असो, गळ्यात बँडचा मोठा ढोल असो, नाहीतर मांडीशी डग्गा असो, त्याची जागा ठरलेली. मागे! तो वाजवत असतो तेव्हा त्याच्याकडे कुणी पाहत नाही; तो थांबला की मात्र सगळे वळून पाहतात. आयुष्यभर नीट काम करावं आणि चुकल्यावरच ओळख मिळावी, असा योग बेसवाल्याच्या नाहीतर गावच्या वायरमनच्याच पत्रिकेत असतो.

बार्शीकडे हा ‘बेस’ शब्द तसा जुनाच. जेवण आवडलं, पाऊस वेळेवर झाला, पोरीचं लग्न जमलं, की जुनी माणसं म्हणायची, ‘बेस झालं.’ म्हणजे छान झालं. पुढे इंग्रजीतून आणखी दोन बेस आले. एक पायाचा आणि एक खालच्या सुराचा. गंमत अशी की तिन्ही बेस एकाच माणसाला लागू पडतात. तो खालचा सूर धरतो, त्यावर बाकीचे उभे राहतात आणि ऐकणारा म्हणतो, बेस झालं. फक्त कुणामुळे झालं, ते त्याला ठाऊक नसतं.

बार्शी हे भगवंताचं गाव. अंबरीष राजाच्या कथेतल्या विष्णूचं इथलं देऊळ सर्वांना माहीत आहे. एका अंगाला पंढरपूर आणि दुसऱ्या अंगाला तुळजापूर, त्यामुळे वारकऱ्यांचा मृदंग आणि गोंधळ्यांचं संबळ हे दोन्ही आवाज या भागाच्या कानांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले. त्यात लग्नसराईचे बँड. दाट तिथी आली की एकाच दिवशी तीन-तीन परणे एकाच मारुतीकडे निघतात आणि चौकात तीन बँड तीन गाणी वाजवत समोरासमोर येतात. अशा वेळी क्लॅरोनेटवाले गोंधळतात, ट्रम्पेटवाले हट्टाला पेटतात. आपापल्या माणसांना सांभाळून नेतो तो ढोलवाला.

दुपारची वरात आटोपली, संध्याकाळची सुपारी अजून लांब आहे, अशा वेळी ही मंडळी चहाला टेकली की त्यांच्या गप्पा ऐकाव्यात. विषय तीनच : वाद्य, सुपारी आणि मोठमोठे वाजवणारे. वाद्यात पहिली तक्रार ओझ्याची. बासरीवाला बासरी पिशवीत टाकतो आणि निघतो. ढोलवाल्याला वाद्य न्यायचं म्हणजे घरातलं कपाट हलवल्यासारखं. एस.टी.त ढोल घेऊन चढावं तर कंडक्टर आधी ढोलाकडे पाहणार, मग माणसाकडे. आणि अर्धं तिकीट नेमकं कुणाचं, यावर पुढच्या थांब्यापर्यंत वाद चालणार. टपावर टाकण्याच्या काळात दुसरीच पंचाईत होती. उन्हात कातडं ताणून खणखणीत व्हायचं आणि वळवाचा पाऊस आला की ओल्या गोधडीसारखं गप्प बसायचं.

सुपारीच्या गप्पांत घासाघिशीचा किस्सा हमखास येतो. यजमान माणसं मोजतो. अकरा कशाला, नऊ चालतील. मग कोण कमी करायचं? ‘तो मागचा. तो नुसता धप्‌ धप्‌ तर करतोय.’ मागचा कमी होतो. परण्या निघतो. गाणं तेच, क्लॅरोनेट तेच, पण नवऱ्याच्या मित्रांचे पाय काही उचलत नाहीत. शेवटी यजमानच घाम पुसत विचारतो, ‘आज बँडला झालंय तरी काय?’ याच्या जोडीला ओवाळणीच्या नोटेची कथा. ‘नागीन’ची धून वाजली की नाचणारा रुमाल तोंडात धरून लोळण घेतो आणि नोट ओवाळली जाते ती क्लॅरोनेटवरून. ढोलवाल्यापर्यंत येईतो तिची चिल्लर झालेली असते. खरं तर 1954 सालच्या त्या चित्रपटात बीन म्हणून गाजलेला आवाज खऱ्या बिनीचा नव्हताच. तो कल्याणजींनी क्लेव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर काढला होता. म्हणजे नोट जिच्यावरून ओवाळायची, ती बीनसुद्धा मुळात बीन नव्हती!

ढोलवाल्यांचे भाऊबंद पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. मृदंग-पखवाजवाल्याचा डावा अंग म्हणजे धुमा. त्याला गंभीर बोलायला लावायचं तर वर कणीक थापावी लागते. वाद्य लावायला पीठ मळावं लागणारे कलावंत जगात थोडेच असतील. कीर्तनाआधी बुवांच्या मृदंगवाल्यानं घरात कणीक मागितली आणि माउलीनं भुकेला असेल म्हणून चार पोळ्याच लाटून आणल्या, हा विनोद फडाफडांतून सांगितला जातो. कणीक जास्त झाली तर आवाज बसतो, कमी झाली तर पोकळ येतो, वाळली तर भजनाच्या मध्येच सूर चढतो. हे सगळं मोजायला यंत्र नाही. अंगठा आणि कान. हलगीवाल्याचं उलटं. त्याला कातडं तापवायचं असतं. चार काटक्या नाहीतर कागद पेटवून तो हलगी शेकतो, टिचकी मारून ऐकतो आणि मगच उभा राहतो.

इथे हसता हसता एक गोष्ट सांगितली पाहिजे. हलगी वाजवणं परंपरेनं मातंग समाजाकडे आलं आणि मेलेल्या जनावराच्या कातड्याचं वाद्य म्हणून ते वाजवणाऱ्यालाही गावानं लांब उभं केलं. लग्न त्याच्या आवाजावर निघायचं, जत्रा त्याच्या आवाजावर भरायची, पण पंगतीत त्याचं पान शेवटी, तेही बाजूला. बेसवाला मागे उभा राहतो याला जगभर संगीतातली कारणं आहेत. आपल्याकडे त्यात आणखी एक कारण मिसळलं होतं आणि ते संगीताचं नव्हतं.

मैफलीतला बेसवाला म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार. गवयाच्या मागे बसून चार तारा छेडणाऱ्याकडे श्रोत्यांचं लक्ष नसतं; पण त्याच्या शेवटच्या पितळी तारेवर गवयाचा सारा डोलारा उभा असतो. हे तंबोरे बहुतेक मिरजेचे. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्यांचे भोपळे पिकतात ते आपल्या सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरच्या बाजूला. आणि मिरजेला बार्शीशी जोडलं होतं ते बार्शी लाइट रेल्वेनं. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ही गाडी 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीला आली. 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. आता तिथे ब्रॉडगेज आहे. खर्जाचा भोपळा आपला, रेल्वेला नाव आपलं. नाव झालं मिरजेचं. बेसवाल्यांच्या भागाला हे साजेसंच म्हणायचं!

मोठमोठ्या वाजवणाऱ्यांचा विषय निघाला, की कळतं हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. बीटल्समधला पॉल मॅकार्टनी बेसकडे वळला तो हौसेनं नव्हे. 1961 मध्ये त्यांचा बेसवाला स्टुअर्ट सटक्लिफ चित्रकलेसाठी गट सोडून गेला आणि उरलेल्यांपैकी कुणालाच ते वाद्य नको होतं. पॉलनं हँबुर्गमध्ये व्हायोलिनच्या आकाराची एक स्वस्तातली हॉफनर घेतली. तो डावखुरा, दोन्ही बाजूंनी सारखा आकार असल्यानं ती उलटी धरली तरी विचित्र दिसत नव्हती. पुढे 1972 मध्ये ती चोरीला गेली आणि अर्ध्या शतकानंतर एका माळ्यावर सापडून त्याच्याकडे परत आली. 2024 च्या आरंभी ही बातमी जगभर छापली गेली. बेसवाल्याचं नाव पहिल्या पानावर यायला अशी चोरी व्हावी लागते.

सगळ्यांनाच असं भाग्य नसतं. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत जेम्स जेमर्सनचा बेस आहे. उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचा. तार तुटल्याखेरीज बदलायची नाही, हा त्याचा नेम. तारेवरचा मळच आवाजाला गोडी देतो, अशी त्याची श्रद्धा सांगतात. आमच्या ढोलवाल्यांना हे लगेच पटेल. तरी वर्षानुवर्षं त्या तबकड्यांवर त्याचं नाव नव्हतं. ते छापून आलं 1971 मध्ये. 1983 मध्ये कंपनीनं पंचविशीचा थाटाचा सोहळा केला, तेव्हा हा माणूस तिकीट मिळवून मागे प्रेक्षकांत बसला होता म्हणतात. त्याच वर्षी तो गेला. मानसन्मान आले ते नंतर.

आपल्या मुंबईचंही वेगळं नव्हतं. राहुलदेव बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ किती रसिकांना ठाऊक आहेत? तबकडीवर गायकाचं नाव, गीतकाराचं, संगीतकाराचं. पानपट्टीवर उभं राहून ती गाणी गुणगुणणाऱ्याच्या पायानं मात्र धरलेला असायचा तो बेसच. शब्द विसरतात, चाल अर्धी आठवते, पाय चुकत नाही.

मग एक डबा आला. 1981 च्या अखेरीस जपानच्या रोलँड कंपनीनं ‘टीबी-303’ नावाचं छोटं यंत्र बाजारात आणलं. कल्पना अशी की एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसवाला शोधायला नको. बटणं दाबा, बेस वाजेल. तो बेस खऱ्या बेससारखा वाजेना, म्हणून यंत्र पडलं आणि 1984 मध्ये बंद झालं. याच मधल्या काळात, 1982 मध्ये, चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या मुंबईच्या चरणजितसिंग यांनी या डब्यावर चक्क राग वाजवले आणि त्यांची तबकडी काढली. ती तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. पुढे तोच टाकाऊ डबा शिकागोच्या पोरांनी उचलला, त्यातून नाचाच्या संगीताची नवी तऱ्हा निघाली, आणि 2010 मध्ये चरणजितसिंगांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा परदेशी रसिकांनी तोंडात बोट घातलं. 2015 मध्ये ते निवर्तले. यंत्र माणसाच्या हातात पडलं तर काय होतं, हे त्यांनी दाखवलं. माणसाच्या जागी पडलं तर काय होतं, हे आपण दर लग्नसराईत पाहतो.

आता वरातीला डीजे असतो. ट्रकवर पेट्यांची भिंत. बेस इतका, की घरातली भांडी मांडणीवरून खाली येतात. एका अर्थानं खालच्या सुराला इतके मानाचे दिवस कधीच आले नव्हते. पोरं गाणं नाही, बेस ऐकायला जातात. आणि नेमक्या याच दिवसांत बेसवाल्याला काम नाही. आधी की-बोर्डचा डावा हात आला, मग बटणाचा ढोल, मैफलीत डबीतला तंबोरा आणि शेवटी मोबाइलमधला. बेस वाढला, बेसवाला गेला.

या आवाजाचं शास्त्रही त्याच्या बाजूनं आहे. बेस गिटारची जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कापते. तिची हवेतली लाट आठ मीटरहून लांब. अशी लाट भिंतीला जुमानत नाही, खिडकी लावली तरी थांबत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण ती मोजण्याची पद्धत माणसाच्या कानाला धरून बेतलेली, आणि कान खालच्या सुरांना मुळात मंद. त्यामुळे छातीत बसणारे हादरे मापाच्या काट्यावर कमीच भरतात. छातीला कळतं ते काट्याला कळत नाही.

माणसाला मात्र कळायचं. ढोलवाला दवाखान्यासमोर आला की हात हलका करायचा. घोडं बिचकलं की थांबायचा. एखादे आजोबा काठी टेकत नाचायला उतरले, तर लय त्यांच्या गुडघ्याला झेपेल अशी खाली आणायचा आणि पोरं घुसली की पुन्हा चढवायचा. गल्लीत कुणाचं सुतक असेल तर बँड मुकाट्यानं पुढे जायचा आणि कोपऱ्यावर पुन्हा सुरू व्हायचा. बेसवाल्याचं खरं काम वाजवणं नव्हतंच, ऐकणं होतं. पेट्यांची भिंत कितीही मोठी असली तरी तिला कान नसतात. जुनं सगळं चांगलंच होतं असं नाही. ज्या हलगीवाल्याच्या मुलानं शिकून वेगळी वाट धरली त्याला ‘परंपरा सांभाळ’ म्हणून सांगण्याचा अधिकार, बाजूला पान वाढणाऱ्या गावाला नाही. पण ज्याला वाजवायचं आहे, त्याला मोबदला आणि नाव दोन्ही मिळालं, तर तो आजही पुढे येईल.

आपल्या लग्नपत्रिकेत जागेची तशी वाण नसते. घरातल्या तान्ह्या बाळाच्या नावानं ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ छापता येतं. तिथेच खाली एका ओळीत वाजवणाऱ्यांची नावं छापावीत, आणि सुरुवात ढोलवाल्यापासून करावी.