शस्त्रक्रिया आणि रुग्णाची संमती

दुसऱ्याच्या शरीरावर शस्त्र चालविणे ही एरवी इजा ठरते. शल्यचिकित्सकाची तीच कृती उपचार ठरते, याचे कारण त्याच्या कौशल्याइतकेच रुग्णाच्या संमतीतही असते. म्हणूनच वैद्यकीय नीतिशास्त्रात संमतीला मध्यवर्ती स्थान आहे.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा 16 जानेवारी 2008 चा निकाल अभ्यासण्यासारखा आहे. 1995 मध्ये दिल्लीत 44 वर्षांच्या एका अविवाहित महिलेने दुर्बिणीद्वारे तपासणीस व गरज भासल्यास पोट उघडण्यास लेखी संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेण्यात आली आणि तिचे गर्भाशय व अंडाशय काढून टाकण्यात आले. डॉक्टरांनी हे रुग्णाच्या हितासाठी, सद्‌भावनेने केले, हे न्यायालयाने मान्य केले; तरीही ही शस्त्रक्रिया संमतीविना झाली, असे ठरवून शुल्क नाकारले आणि 25,000 रुपये भरपाई देवविली.

या निकालातून तीन तत्त्वे स्पष्ट होतात. पहिले, सज्ञान व निर्णयक्षम रुग्णाच्या वतीने नातेवाइकाला संमती देता येत नाही. दुसरे, तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे. तिसरे, अधिकची शस्त्रक्रिया जीव वाचविण्यासाठी किंवा आरोग्य राखण्यासाठी आवश्यक असेल आणि रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबणे गैर ठरणार असेल, तरच अपवाद करता येतो. संमतीपूर्वी उपचाराचे स्वरूप, उद्देश, लाभ, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

व्यवहारात मात्र अडचणी आहेत. आपल्याकडे निर्णय बहुधा घरातील वडीलधारी मंडळी घेतात. रुग्ण, विशेषतः स्त्री, गप्प राहते. कुटुंबाचा सल्ला हा रुग्णाचा आधार आहे, पण तो तिच्या होकाराची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी अडचण भाषेची. बेळगावसारख्या बहुभाषिक भागात रुग्ण मराठी, कन्नड किंवा उर्दू बोलणारा असू शकतो. त्याच्यापुढे इंग्रजी अर्ज ठेवून सही घेतली, तर कागद पूर्ण होतो, संमती नव्हे. मराठीतील ‘संमती’ असो वा उर्दूतील ‘रजामंदी’, दोन्ही शब्दांत मनाचा कौल अभिप्रेत आहे. अंगठ्याचा ठसा ही त्याची केवळ खूण होय.

येथे भाषाशिक्षकांचे कार्यक्षेत्र सुरू होते. संमतिपत्राचे सुबोध भाषांतर आणि ‘तुम्हाला काय समजले ते सांगा’ असे विचारण्याची सवय, या दोन गोष्टी वर्गातही शिकविता येतील. उद्या त्याच वर्गातील विद्यार्थी कोणाच्या तरी उशाशी नातेवाईक, परिचारिका किंवा दुभाषी म्हणून उभे असतील.