कडबा काय म्हणतोय?

लालबागच्या आमच्या चाळीत गावाहून कुणी आले की अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. प्रकृती, पोरेबाळे, सिद्धनाथाची जत्रा, भाऊबंदांची कोर्टकचेरी, हे सगळे नंतर. पाहुण्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, मोरीत जाऊन पायांवर पाणी घेतले, की अण्णा विचारत, "कडबा काय म्हंतोय?" कडबा नावाचा कुणी वडीलधारा नातेवाईक गावी असावा आणि तो सतत आजारी असावा, अशी माझी लहानपणी समजूत होती. कारण उत्तर ऐकून अण्णांचा चेहरा एक तर खुलायचा, नाही तर पडायचा. मधले काही नसायचे.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. ज्या जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, त्याच जिल्ह्याच्या या पूर्वेकडच्या कोपऱ्यात पाचशे मिलिमीटर पडला तर लोक पेढे वाटतील. सह्याद्री सगळे ढग पलीकडेच पिळून घेतो. त्यामुळे माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यातली माणसे पिढ्यानपिढ्या बाहेर पडली आणि त्यातली पुष्कळशी परळ-लालबागच्या गिरण्यांत येऊन साच्यांपाशी उभी राहिली. माणसे मुंबईत आली, पण जित्राब गावीच राहिले. आणि जित्राब म्हटले की वैरण आली.

शहरी वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. कडबा म्हणजे ज्वारीची कणसे खुडून घेतल्यावर उरलेली वाळलेली ताटे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. ताटांच्या पेंढ्या बांधतात, पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा होतो, आणि पावसाचे पाणी आत शिरू नये अशा बेताने त्यांचे शेंड्याला निमुळते होणारे बुचाड रचतात. बाजारात भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर पेंढ्यांना. चांगला कडबा पांढुरका-पिवळा, पानासकट, चघळला तर किंचित गोड लागतो. (मी चघळून पाहिला आहे. संकोच करण्यासारखे त्यात काही नाही.) मोठ्या जनावराला दिवसाकाठी सुक्या हिशेबाने आठ-दहा किलो चारा पोटात जावा लागतो. बैलजोडी आणि एक म्हैस धरली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत किती पेंढ्या लागतील, हा हिशेब आमच्या चुलत्यांना, म्हणजे तात्यांना, झोपेतही करता येई. ज्वारीचे दाणे घरच्या पोटाला, आणि कडबा घरच्या पतीला. दारात बुचाड किती, यावर पोरीला स्थळ येत असे, हे मी विनोद म्हणून सांगत नाही.

१९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. त्या दुष्काळाचे वर्णन अनेकांनी केले आहे. सुकडी, परदेशातून आलेली मिलो, खडी फोडणाऱ्या बायामाणसांच्या रांगा, आणि त्यातूनच पुढे उभी राहिलेली रोजगार हमी योजना. माझ्या आठवणीतला दुष्काळ मात्र एका पोस्टकार्डाएवढा आहे. दिवाळीनंतर तात्यांचे कार्ड आले. त्यात पाऊस, पीक, माणसे यांविषयी एक अक्षर नव्हते. पाखऱ्या आणि हौश्या या दोन बैलांची नावे होती, आणि खाली लिहिले होते, वैरण आठ दिवसांची राहिली, पैका धाडावा.

अण्णांनी ते कार्ड दोनदा वाचले आणि खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात ठेवले. त्या महिन्यात माझ्या शाळेची फी आणि खानावळीचे देणे असे दोन खर्च समोर होते. दुसऱ्या दिवशी आईने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. कुणी मागितल्या नव्हत्या. पाटल्या गहाण पडल्या, मनीऑर्डर गेली. पण पैसे पोचले तरी कडबा कुठून येणार? त्या साली कडबा कोणत्याही भावाने मिळत नव्हता. तात्या आणि गावातली आणखी तीन घरे मिळून कऱ्हाडच्या बाजूला कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात गेली आणि उसाचे वाढे ट्रकमध्ये भरून घेऊन आली. त्यावर शिमग्यापर्यंत ढकलले. त्यानंतर हौश्या बाजारात उभा केला. त्याच्या वैरणीवर जेवढे खर्च झाले होते, त्याहून कमी पैसे त्याचे आले. हे कळवणारे दुसरे कार्ड अण्णांनी एकदाच वाचले. रात्रपाळीला जाताना त्यांनी डबा नेला नाही, एवढेच मला आठवते. पाटल्या सुटायला चार वर्षे लागली.

पुढे मोठेपणी माझ्या लक्षात आले, की ज्या मुंबईत बसून अण्णा गावच्या वैरणीची काळजी करत, ती मुंबईही एके काळी गवताच्याच काळजीत होती. चर्नी रोड हे नाव गुरे चारण्यावरून पडले असे सांगतात. इंग्रज सरकारने गुरांच्या चराईवर फी बसवली. गरिबांना ती परवडेना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८३८ मध्ये पदरचे वीस हजार रुपये घालून ठाकूरद्वाराजवळ समुद्रकाठची गवताळ जमीन घेतली आणि गुरांना मोकळी करून दिली. (ठाण्याच्या चेंदणीवरून नाव आले, असेही काही जाणकार म्हणतात. चेंदणीकरांनी रागावू नये.) त्याआधी चार वर्षे, १८३४ मध्ये, भुलेश्वरला पांजरपोळ निघाले होते, त्यातही जमशेटजी होतेच. गवालिया टँकचे तळे तर गुरांना पाणी पाजण्याचेच. पुढे शहर वाढले, कुरणे गेली, पण तबेले राहिले आणि गवत बाहेरून यायला लागले. १९४९ मध्ये आरे कॉलनी सुरू झाली आणि शहरातल्या म्हशी तिकडे हलू लागल्या, तोपर्यंत दूध इथे आणि गवत ठाणे जिल्ह्यात, असा मामला होता.

या गवताला रक्ताचा डागही आहे. डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीतले गवत वारली कापत आणि ते मुंबईच्या बाजारात येई. कापणाऱ्याला मिळे ते जवळजवळ नाहीच. १९४५ च्या ऑक्टोबरात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी मागणी केली, पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये. त्यासाठी संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण गेले. त्यांत जेठ्या गांगड होता. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक मी वाचले तेव्हा गिरगावात चहात घातलेल्या दुधाचा आणि तलवाड्याचा संबंध प्रथमच ध्यानात आला. भाव या शब्दाला दोन टोके असतात. आमच्या घरी एकच माहीत होते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिले दोन-तीन महिने लालबागच्या नाक्यावर हिंमत होती, मग उधारी आली, मग दुकानदारांनी उधारी बंद केली. पावसाळ्याच्या तोंडावर अण्णा आणि आई परळच्या आगारातून एस.टी.त बसले. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो, म्हणून खोलीवर राहिलो. तात्यांकडे तेव्हा दोन म्हशी होत्या आणि आदल्या साली कडबा बरा झाला होता. अण्णांनी तिसरी म्हैस घेतली. पहाटे धारा काढून दूध घालायला जाण्याचे काम या साचेवाल्याने वयाच्या पंचेचाळिशीत शिकून घेतले. आणि दर महिन्याला गावाहून मुंबईला, उलट्या दिशेने, माझ्या नावे मनीऑर्डर येऊ लागली. दहा वर्षांपूर्वी गिरणीच्या पगाराने बैलांना वैरण घातली होती. आता वैरणीने माझी परीक्षेची फी भरली. अण्णा गिरणीत परत गेले नाहीत. मी गावी गेलो की मात्र मला बाजूला घेऊन विचारत, "गिरणी काय म्हंतीय?"

या पन्नास वर्षांत खुद्द ज्वारीच बदलली. आमच्याकडची जुनी मालदांडी उंच, मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडून आलेली ३५-१ तर दाण्याला आणि कडब्याला दोन्हींना नावाजलेली. १९६४ पासून संकरित ज्वारी आली. तिचे कणीस मोठे, ताट बुटके आणि जाड. सरकारला दाणा हवा होता, तो मिळाला, देशाला त्याची गरजही होती. पण म्हैस ते धांडे हुंगून तोंड फिरवी, असे तात्या सांगत. पाखऱ्याच्या मताची नोंद कुठल्या अहवालात झाली नाही. मग सोयाबीन आले, ऊस आला, द्राक्षे-डाळिंबे आली, ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले, आणि रब्बी ज्वारीखालची जमीन घटत गेली. आज दादरच्या दुकानात ज्वारी गव्हाहून महाग मिळते आणि डॉक्टर भाकरी खा म्हणून सांगतात. शहर पुन्हा ज्वारीकडे वळले आहे. पण काढणीला माणूस मिळत नाही. ताटे उपटणे हे कंबर मोडणारे काम आहे, आणि यंत्राने मळले तर कडब्याचा चुरा होतो.

२०१३ च्या एप्रिलमध्ये मी म्हसवडला चारा छावणी पाहिली. माणदेशी फाउंडेशनने ती सुरू केली होती. दागिने गहाण ठेवून चाऱ्यासाठी पैसे द्या म्हणत एक बाई संस्थेकडे आली आणि त्यातून छावणीचा विचार निघाला, असे चेतना सिन्हा यांनी जाहीरपणे सांगितले आहे. ते ऐकताना मला आईच्या उघड्या मनगटांची आठवण झाली. छावणीत हजारो जनावरे दावणीला होती. शेजारी पाचटाच्या आडोशाला त्यांची माणसे, चुली, बाजा, पुस्तक घेऊन बसलेली पोरे. कडबाकुट्टीचा आवाज दिवसभर. आणि कुट्टी कशाची, तर उसाची! कडबा नव्हताच. नुसते वाढे खाऊन जनावरांच्या अंगातला चुना कमी होतो, म्हणून त्यांवर चुन्याची निवळी शिंपडत होते. जे पीक सगळ्यात जास्त पाणी पिते, ते पाण्याविना मरणाऱ्या जनावरांना घालायचे, हा विचित्र हिशेब तिथे कुणालाच विचित्र वाटत नव्हता. माझा चुलतभाऊ म्हणाला, "बहात्तरला पण वाढंच व्हतं की."

२०१९ ला पुन्हा छावण्या लागल्या. सरकारने मोठ्या जनावरामागे दिवसाला नव्वद रुपये ठरवले होते, ते मेमध्ये शंभर केले. मधल्या काळात, २०१५ पासून, राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे पुष्कळ आहेत. पण दुष्काळात म्हातारा बैल दावणीला उभा असला की त्याला घालायचे काय, हे दोन्हीकडच्यांपैकी कुणी येऊन सांगत नाही. ते पांजरपोळ आणि मालक यांच्यातच राहते.

आपल्याकडेच असे होते, असे समजू नये. सौदी अरेबियाने जमिनीखालचे पाणी संपत आल्यामुळे आपल्याकडची हिरव्या चाऱ्याची लागवड बंद करत आणली. तिथल्या अलमराई या बड्या डेअरीच्या कंपनीने २०१४ मध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात जमीन घेतली, तिथले पाणी उपसून लसूणघास पिकवला आणि त्याचे गठ्ठे बोटीने घरी नेले. तिथल्या लोकांच्या विहिरी खोल जाऊ लागल्यावर ओरड झाली, आणि २०२३ मध्ये राज्याच्या गव्हर्नरबाईंनी सरकारी जमिनीचे काही भाडेपट्टे रद्द केले. एका वाळवंटाची गुरे दुसऱ्या वाळवंटाचे पाणी खातात! आमच्या तात्यांनी हे ऐकले असते तर पहिला प्रश्न केला असता, गठ्ठा काय भावानं पडतो?

तात्या आणि अण्णा दोघेही आता नाहीत. शेत चुलतभावाचा मुलगा पाहतो. माणमध्ये काही गावांना आता उरमोडीचे पाणी आले आहे. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला. "काका, डाळिंब लावावं म्हंतोय सगळ्या रानात. ज्वारी परवडत न्हाई. तुमचं काय मत?" मी चाळीस वर्षे नोकरी करून मुंबईत निवृत्त झालेला माणूस, माझे मत कशाला विचारावे? पण त्याने विचारले. म्हशी किती, म्हटले. म्हणाला, चार. मुरघासाचे खड्डे भरलेत का? एक भरलाय. मग मी म्हटले, दोन एकर मालदांडीला ठेव, बाकी तुझे तू बघ. तो थोडा वेळ गप्प राहिला. "दोन न्हाई, काका. एक ठेवतो," म्हणाला. मी घासाघीस केली नाही.

परवा गिरगावात काही कामाला गेलो होतो. देवळाबाहेर गाय बांधून, समोर हिरव्या गवताच्या जुड्या मांडून बाई बसली होती. येणारे-जाणारे तिला पैसे देतात आणि जुडी गाईसमोर टाकून हात जोडतात. मी थांबलो, एक जुडी उचलून हातावर तोलून पाहिली, वास घेतला आणि विचारले, "कशी दिली? आणि शेकड्याला काय लावशील?"

बाईने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "गाईला घालायचीय," ती म्हणाली, "का घरी न्यायचीय?"