कापणाऱ्या हाताची परीक्षा

आमच्या कोरगावात एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातातील कपबशी वाजू लागली, की कोणी म्हणतो, वय झाले; कोणी दारूचा संशय घेतो. आमचे एक वृद्ध सहशिक्षक अशा कुजबुजीपायी चारचौघांत चहा घेईनासे झाले होते. पुढे तपासणीत तो कंप आनुवंशिक ठरला व औषधाने पुष्कळ उतरला. त्या निमित्ताने आम्हांस जे समजले, ते या महोत्सवी अंकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मेंदूची आज्ञा मज्जातंतूंतून स्नायूपर्यंत पोहोचली, की स्नायूच्या तंतूंत विजेची सूक्ष्म लहर उठते आणि तो आकसतो. बेडकाचा पाय विजेने हलतो, हे इटलीतील गॅल्व्हानी यांनी १७९१ साली प्रसिद्ध केले. स्नायूतील ही वीज फार तर व्होल्टच्या काही हजारांश भागाएवढी असते. कातडीवर चिकटविलेल्या चकत्यांनी, कधी बारीक सुईने, ती टिपतात. यंत्र ती कैक पटींनी वाढवून पडद्यावर रेघेच्या रूपात दाखविते. या परीक्षेस इलेक्ट्रोमायोग्राफी म्हणतात.

लाकूड कापणारे दोन गडी आठवा. एकाने करवत ओढली, की दुसरा सैल सोडतो. समोरासमोरच्या स्नायूंचेही सामान्यतः तसेच. दोघेही एकदम ओढू लागले, तर अवयव पिळवटतो. या विकारास डिस्टोनिया म्हणतात. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली वर्णिलेल्या कंपवातात हात मांडीवर स्वस्थ असतानाच कापतो, सेकंदास सुमारे ४ ते ६ वेळा. आनुवंशिक कंप बहुधा कप उचलताना प्रकट होतो. आणखी एका विकारात माणूस उभा राहिला, की पायांत सेकंदास १३ ते १८ वेळा कंप उठतो. तो डोळ्यांस धड दिसतही नाही. रोगी केवळ 'तोल जातो' म्हणतो. तेथे रेघच खरे काय ते सांगते.

मात्र यंत्र एकटे निवाडा देत नाही. थायरॉईडच्या दोषाने व काही औषधांनीही हात कापतात; म्हणून डॉक्टरांनी रोग्यास पाहणे, विचारपूस करणे व जरूर तर रक्त तपासणे आवश्यकच.

वाचकहो, घरातील कोणाचा हात कापू लागला, तर त्यास दोष लावू नका. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मज्जाविकारांचा विभाग आहे. तेथे त्यांस घेऊन जा. प्रत्येक कंप बरा होतोच असे नाही. पण त्याचे खरे नाव कळले, की निदान खोटे नाव तरी पुसले जाते.