बर्क आणि विल्सची मोहीम
ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडण्यासाठी २० ऑगस्ट १८६० रोजी मेलबर्नहून १९ जणांची तुकडी निघाली. दिमतीला हिंदुस्थानातून आणवलेले उंट आणि सुमारे २० टन सामान होते. नेता रॉबर्ट बर्क हा पोलीस अधिकारी. रानावनातल्या प्रवासाचा त्याला अनुभव नव्हता, आणि ही निवडच घातक ठरली. कूपर्स क्रीकला तळ ठेवून बर्क, विल्स, किंग आणि ग्रे पुढे गेले. फेब्रुवारी १८६१ मध्ये ते उत्तर किनाऱ्याजवळ पोचले, पण खारफुटीच्या दलदलीपायी समुद्र काही दिसला नाही.

परतताना ग्रे दगावला. उरलेले तिघे २१ एप्रिलच्या संध्याकाळी तळावर आले, तर चार महिने वाट पाहून तिथली माणसे त्याच सकाळी निघून गेलेली! झाडाशी पुरलेला शिधा तेवढा हाती लागला.

तिथले यांद्रुवांधा लोक नार्डू या पाणवनस्पतीच्या बियांसारख्या फळांचे पीठ खात. त्यांची कृती नीट न पाळता तेच पीठ खाल्ल्याने या तिघांना बहुधा ब१ जीवनसत्त्वाची कमतरता जाणवू लागली. त्यातच मासे घेऊन आलेल्या यांद्रुवांधांवर बर्कने गोळी झाडून त्यांना दूर लोटले. तो आणि विल्स उपासमारीने मेले. किंग मात्र त्याच लोकांच्या आश्रयाने जगला आणि सप्टेंबरमध्ये आल्फ्रेड हॉविटच्या शोधपथकाला सापडला.